दुसरा रिमोट



मंडईचे दिवस चालू आहेत. दिवसा धानाची गडबड, रात्री कुठे दंडार, कुठे नाटक. तरीही या सभागृहात एवढी माणसं एका बाईकडून व्हिडिओ गेमविषयी ऐकायला बसली आहेत, याचं मला स्वतःलाच नवल वाटतं. विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एका काकांनी फोनवर विचारलं होतं, "मॅडम, हे बालमेळाव्यात नाही का चालणार?" मी म्हटलं, काका, ज्यांनी हे खेळ खेळले ती मुलं आता पंचेचाळिशीला आली, त्यांना जवळचा चष्मा लागला.

टेबलावर ठेवलंय ते यंत्र बघा. एके काळी पांढरं होतं, आता पिवळं पडलंय. वर कॅसेट घालायची फट आहे, दोन्ही बाजूंना एकेक रिमोट. कार्ट्रिज आणि कंट्रोलर हे शब्द मी फार उशिरा ऐकले. गोंदियात कॅसेट आणि रिमोटच. मागच्या रांगांना दिसणार नाही म्हणून सांगते, पहिल्या रिमोटवर मधोमध दोन छोटी बटणं आहेत, सिलेक्ट आणि स्टार्ट. दुसऱ्यावर ती नाहीत. तुटून पडलेली नाहीत, मुळातच नाहीत. दुसरा रिमोट ज्याच्या हाती, त्याला खेळ सुरू करता येत नाही आणि थांबवताही येत नाही.

ही कुण्या कारखानदाराची काटकसर नव्हती. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र विकायला काढलं, त्याचाही दुसरा रिमोट असाच होता. त्यात स्टार्ट-सिलेक्ट नव्हती, बदल्यात एक छोटा मायक्रोफोन होता. आमच्यापर्यंत नक्कल येता येता मायक्रोफोन गळला, उणीव तेवढी पोचली.

आमच्या घरात पहिला रिमोट भावाकडे असे. दुसरा माझ्याकडे.

आज मी एक प्रस्ताव घेऊन आले आहे. जुन्या व्हिडिओ गेमचं एक प्रदर्शन आपल्या जिल्ह्यात भरावं. कल्पना नवीन नाही. न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात १९८९ सालीच दुकानांतल्या गेमच्या पेट्यांचं प्रदर्शन झालं होतं. बर्लिनला १९९७ साली व्हिडिओ गेमचं स्वतंत्र संग्रहालय निघालं. लंडनच्या बार्बिकनमध्ये २००२ साली 'गेम ऑन' भरलं, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने २०१२ साली याला कलेचा मान दिला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने पॅक-मॅन आणि टेट्रिससह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. आपल्याकडेही खेळ जपण्याची रीत आहेच. सावंतवाडीच्या राजघराण्याने गंजिफा हाती धरला म्हणून तो आज दिसतो.

पण बाहेरच्या या प्रदर्शनांची नक्कल करून आपलं भागणार नाही. तिथे मूळ यंत्र असतं, मूळ खोका असतो, निर्मात्याचं नाव असतं, सालवार मांडणी असते. आपल्याकडे मूळ असं जवळपास काहीच नाही. 'सामुराई' नावाने निन्टेंडोचं यंत्र भारतात विकलं गेलं, पण मी ते गोंदियात कुणाच्या घरी पाहिलं नाही. आम्ही पाहिली ती सगळी फॅमिकॉमची भावंडं, 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर', पुढे 'मिताशी'. आपलं गाव हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. कुणाचा मामा नागपूरच्या सीताबर्डीवरून आणायचा, कुणाचे काका कलकत्त्याला खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटमधून. बिल कुणाकडेच नसायचं. खोक्यावर चित्र एकाचं आणि आत यंत्र दुसऱ्याचं.

आणि त्या कॅसेटी! '९९९९ इन १' असं छापलेली कॅसेट ज्याच्या घरी, तो गल्लीचा राजा. भावाने आणि मी एका उन्हाळ्यात ते नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ मोजायला घेतले. कॅसेटमध्ये खेळ भरले पंधरा-वीस. तेच पुन्हा पुन्हा. एकदा मारिओ पहिल्या टप्प्यापासून, एकदा चौथ्यापासून, एकदा नाव बदलून. तांदळाच्या गावात वाढलेल्या आम्हा मुलांना हे समजायला फार वेळ लागला नाही. पोत्यावरचा शिक्का आणि पोत्यातला माल यांचं नातं आम्ही घरीच ऐकत होतो. (हसू नका, मिलवाले समोरच बसले आहेत.)

आता या नकली मालाचं काय करायचं? मला असं म्हणणारी विद्वान माणसं भेटली आहेत की, हा चोरीचा माल, याला संग्रहालयात जागा नाही. मला हे पटत नाही. मी इतिहास शिकवते. माणसांच्या हाती जे होतं, त्याचा इतिहास लिहायचा असतो. जे त्यांच्या हाती असायला हवं होतं, त्याचा नव्हे.

शिवाय माल नकली असला तरी आपल्या माणसांनी त्याला नवं नाव द्यायला मागेपुढे पाहिलं नाही. १९९३ साली जपानच्या कॅपकॉमने 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा खेळ काढला, एका अमेरिकन चित्रकथेवरून. हे नाव इथे कुणाच्या जिभेवर बसणार? त्यातल्या चार लढवय्यांपैकी पिवळ्या टोपीवाल्या गड्याचं नाव होतं मुस्तफा. झालं. साऱ्या देशात तो खेळ 'मुस्तफा' झाला. आपल्याला यात नवल वाटायला नको. जवळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्या शेतातून धानाचं जे वाण निवडून काढलं, त्याला नाव पडलं मनगटावरच्या घड्याळाचं, एचएमटी. आज मराठी घरात तो भात शिजतो आणि घड्याळ कुणाला आठवत नाही.

मुस्तफा घरच्या यंत्रावर नव्हता. तो दुकानात. लाकडी पेटी, आत टीव्ही, पुढे दांडा आणि बटणं. त्या दुकानांना बहुतेक पाटीच नसायची. दाराला पडदा, आत अंधार, आणि शाळा सुटायच्या आधीच बाहेर सायकलींची रांग. गोंदियाची पोरं तिथे खास बोली बोलायची, निम्मी हिंदी, निम्मी मराठी, मधूनच झाडीबोलीचा हेल. "लाइफ गेली बे माही", "बॉस आला", "एक चान्स दे ना." जीव गेला, असं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. जीव एकच असतो आणि लाइफ तीन, हा फरक कुणी न शिकवता पोरांना कळला होता.

या दुकानांवर घराघरांत राग होता. पण त्यांची पहिली गंभीर दखल घेतली ती कर खात्याने. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं, गीता एंटरप्रायझेस विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. चालकाचं म्हणणं असं की, माझ्या दुकानात यायला तिकीट नाही. कुणीही यावं. ज्याला खेळायचं तो यंत्रात पैसे टाकतो. मग करमणूक कर कशाचा? न्यायालयाने ते ऐकलं नाही. ही करमणूकच आहे, कर भरा. मला त्या निकालापेक्षा तो युक्तिवाद आवडतो, कारण त्यात तो फुकट आत येणारा माणूस आहे. तो या इतिहासाचा खरा नायक. एक खेळतो आणि नऊ जण मागे उभे असतात, हे आपल्या दुकानांचं चित्र. नऊ जण म्हणजे नऊ सल्लागार. "वरून ये, वरून!" खिशात रुपया नसलेल्या पोरालाही तिथे पूर्ण खेळ पाठ असे.

हे मी कुठून पाहिलं? दाराबाहेरून. मुलींनी आत जायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आत जायचं नाही. धाकट्या भावाला बोलवायला मला पाठवत, आणि मी पडद्याच्या फटीतून आवाज द्यायच्या आधी जमेल तेवढं पाहून घेत असे. मुस्तफामध्ये हॅना नावाची एक बाईही आहे. तिला कुणी निवडलेलं मी कधी पाहिलं नाही.

घरी चित्र थोडं निराळं. आमच्याकडे यंत्र भाड्याने येई, तासाला पाच रुपये, रात्रभराला तीस. दिवाळीत आणि उन्हाळ्यात. टीव्ही मोठ्या खोलीत, म्हणून आजीपासून सगळे प्रेक्षक. लाइट गेली की खेळ तिथेच संपला, कारण त्यात काही साठून राहत नसे. गेलेल्या लाइटचे पैसे द्यायचे की नाही, यावरून दुकानदाराशी सकाळी वाद.

मारिओत दोघं असले तरी एका वेळी एकच खेळतो. भावाची लाइफ जाईपर्यंत मी बसून. पण बसणाऱ्याला दिसतं. मला दिसलं की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललाय. भाऊ म्हणाला, काही तरीच. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं की १९८५ चा तो अख्खा खेळ चाळीस किलोबाइटांत बसवलेला, म्हणून अशी काटकसर. तुम्ही रोज सकाळी मला पाठवता त्या शुभप्रभातच्या फुलांना याहून जास्त जागा लागते.

कॉन्ट्रामध्ये दोघं एकदम खेळतात. त्यात एक धबधबा आहे, खालून वर चढत जायचा. वरचा गडी पुढे उडी मारतो, पडदा वर सरकतो, आणि मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो. शत्रूने मारलं तर राग येत नाही. भावाने मला त्या धबधब्यावर किती वेळा मारलं, ते तो आजही कबूल करत नाही. तीस लाइफ मिळवायची युक्ती मात्र मला पाठ होती. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी, मग ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ती १९८६ च्या दुसऱ्याच एका खेळासाठी घातलेली. खेळ तपासताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जात होता. जपानातून ती गोंदियाला कागदावर आली नाही, तोंडोतोंडी आली, ओवीसारखी. मी म्हणायची, भाऊ दाबायचा. स्टार्ट त्याच्याकडे ना.

फक्त एका खेळात पहिला रिमोट माझ्याकडे येई. बदकांचा खेळ, 'डक हंट'. बंदूक भावाकडे, आणि मोकळ्या रिमोटने बदक हलवता येतं, हे मला अपघाताने कळलं. मी एक वर्ष भावाला सांगितलं नाही.

ही बंदूक प्रदर्शनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, म्हणून थोडं थांबते. तिच्यातून काही सुटत नाही. तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक डोळा आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, मग जिथे बदक आहे तेवढाच चौकोन पांढरा उजळतो. बंदुकीला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, की बदक पडलं. नुसत्या बल्बकडे रोखून ती फसत नाही, आम्ही करून पाहिलंय. पण हा हिशोब जुन्या, मागे ढेर असलेल्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बसवलेला आहे. भिंतीवरच्या नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं आणि बंदूक आंधळी होते. आणि जुने टीव्ही तर भंगारवाला किलोवर नेतो आहे. यंत्र मिळेल, कॅसेट मिळेल, टीव्ही मिळणार नाही, अशी वेळ जवळ आली आहे.

म्हणून माझ्या मनातल्या प्रदर्शनात काचेचं कपाट एकही नाही. एक मोठी खोली, चार जुने टीव्ही, जमिनीवर सतरंजी. यंत्रापुढे दोघांची जागा आणि मागे नऊ जणांची. एका भिंतीवर इथल्या पोरांचे शब्द, त्यांनी उच्चारले तसेच, शुद्धलेखन न सुधारता. एका कोपऱ्यात पडदा लावलेलं दार, ज्यातून आलेल्या प्रत्येकाने आधी बाहेर उभं राहून पाहायचं, मग आत यायचं. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला 'राजी' हा खेळ शेवटी ठेवावा. त्यात नायिका मुलगी आहे, भावाला शोधायला निघालेली. तो मी पहिल्यांदा लावला तेव्हा रिमोट एकच होता, आणि तो माझ्याकडे होता.

तर माळ्यावर चढा. यंत्र, कॅसेट, अडॅप्टर, फुटका रिमोट, बंद पडलेला टीव्ही, काहीही चालेल. जोडीला एका कागदावर लिहा, ते कुठून आणलं, कितीला, आणि दुसरा रिमोट कुणाकडे असायचा. ज्यांनी दुकानं चालवली त्यांनी तर यावंच. लपायचं कारण उरलेलं नाही, तुमच्यावर ओरडणारे मास्तर निवृत्त झाले. आणि एक विनंती. कॅसेट आणताना सवयीने तिच्यात फुंकर मारू नका. तोंडातली वाफ तांब्याच्या दातांना लागून ते गंजतात. कोरड्या सुती फडक्याने पुसून आणा.