शिवणयंत्राच्या खणातील अनोळखी वस्तू

(विद्यालयाच्या हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या जुन्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनप्रसंगी दिलेले भाषण)



जुन्या घराची आवराआवर निघाली, की पायाने चालवायच्या शिवणयंत्राचे मेज बहुधा सर्वांत शेवटी हलते. बिडाचे पाय जड, फळी दणकट आणि दोन्ही बाजूंचे खण गच्च भरलेले. कात्री, टेप, रिळे, बटणे लगेच ओळखू येतात. त्यांच्याखाली मात्र अशा काही वस्तू निघतात, की तरुण मंडळी त्या हातात फिरवून पाहतात आणि भंगाराच्या पिशवीत टाकतात. काम सांगणारे माणूस जवळ नसले, की चांगली वस्तूही भंगार ठरते.

उदाहरणार्थ, बोटभर लांबीची, एका टोकाला निमुळती अशी चकचकीत पोलादी होडी. मुलांना ते खेळणे वाटते. वास्तविक तो जुन्या यंत्राचा धोटा होय. विणकराच्या धोट्याप्रमाणेच तो मागेपुढे जातो आणि वरच्या दोऱ्याच्या फासातून खालचा दोरा ओवून नेतो. त्याच खणात दोन्ही टोकांना चकत्या असलेली बारीक दांडी सापडते. ती त्या धोट्यात बसणारी बॉबिन. अलीकडच्या यंत्रांतील गोल, बसकी बॉबिन पाहिलेल्यांना या दोघांचे नाते सुचत नाही. पण धोटा हरवला, तर त्या यंत्रावर एकही टाका पडणार नाही.

ओळख पटवण्याची रीत अवघड नाही. पहिली गोष्ट, वस्तू घासूनपुसून लख्ख करण्यापूर्वी तिच्यावरील अक्षरे आणि झीज पाहावी. धातूच्या तुकड्यावर ‘सिमॅन्को’ हा ठसा असेल, तर तो सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा. शेजारचा आकडा त्या सुट्या भागाचा क्रमांक असतो. यंत्राच्या पाट्यावरील क्रमांकही बोलका आहे. 1900 पासून सिंगरच्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर येऊ लागले. त्यापूर्वीच्या यंत्रांवर नुसते आकडे आढळतात. चारही बाजू उलगडून सपाट होणारी, आत मखमल लावलेली लाकडी पेटी मिळाली, तर ती 1889 च्या पेटंटाची साहित्यपेटी असण्याचा संभव फार.

दुसरी गोष्ट, वस्तू कोठे अडकते ते पाहावे. दुशाखी हात असलेले, विंचवासारखे दिसणारे एक साधन असते. तो दुशाखा सुईच्या स्क्रूवर बसतो आणि सुईच्या हालचालीसरशी पाते कापड पुढे ढकलते. त्यावर 1, 6, 12 असे आकडे असतात. तितक्या टाक्यांनंतर एक चुणी पडते. परकराची झालर याच साधनाने होई. वाकवलेली बारीक सळई गोधडीच्या टिपा समांतर ठेवण्यासाठी, तर गुंडाळी घेतलेला पत्र्याचा तुकडा कडेला गोट लावण्यासाठी.

तिसरी गोष्ट, झिजेची साक्ष काढावी. मेणाच्या गोळ्यावर बारीक खाचा दिसल्या, तर त्यावरून दोरा ओढला गेला आहे. अळंब्यासारख्या लाकडी ठोकळ्याच्या माथ्यावर सुईचे ओरखडे असतील, तर त्यावर मोज्याची टाच ताणून रफू केले जाई. स्ट्रॉबेरीच्या आकाराची छोटी उशी जड लागली, तर आत बहुधा कुरुंदाची पूड आहे. गंजलेली सुई तीत खुपसून साफ होते. मोठ्या नेढ्याची, बोथट सुई नाडी ओवण्याची. दातेरी चक्र नमुन्याच्या खुणा कापडावर उतरवण्याचे.

या किरकोळ दिसणाऱ्या वस्तूंमागे एक मोठा इतिहास उभा आहे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही 1924 मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात स्त्रियांना शिवणकाम शिकवले जाई, कारण त्यातून स्वतःची मिळकत होई. पुढे 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र काढले आणि देशी यंत्रे घरोघर पोहोचली. कित्येक घरांत मुलांच्या शाळेची फी या यंत्रावरच्या टिपांतून निघाली. ते कष्ट करणाऱ्या स्त्रियांनी हिशेब लिहून ठेवले नाहीत. त्यांच्या कसबाचे दप्तर म्हणजे हे खणच.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी यात आणखी एक ठेवा आहे. नेढे, धोटा, गोट, टीप, चुणी, काज, अंगुस्तान हे शब्द बाजारात कानी पडत नाहीत; ते आजीच्या तोंडीच जिवंत आहेत. वस्तू गेली, की शब्दही जातो. म्हणून खण रिकामा करण्याआधी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला शेजारी बसवावे, एकेक वस्तू तिच्या हातात द्यावी आणि ती सांगेल ते नाव व काम चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूला बांधावे. पुष्कळदा नाव आठवण्याआधी बोटेच काम करून दाखवतात. तेही टिपून ठेवावे.

हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही, कारण वस्तू आणखी पन्नास वर्षे टिकेल, सांगणारी व्यक्ती टिकेलच असे नाही. विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत आपापल्या घरचा एक खण तरी असा वाचून काढावा, हीच या मंगल प्रसंगी अपेक्षा.