महानगराच्या माथ्यावरून



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आजचा विषय काहींना थोडा चमत्कारिक वाटला असेल. एका माणसाने आपले लहानसे विमान घेऊन न्यूयॉर्कसारख्या महानगरावर केवळ ते पाहण्याच्या हौसेने घिरट्या घालाव्यात, यात आपण गावकऱ्यांनी तासभर बसून ऐकण्यासारखे काय आहे? ही तर श्रीमंतांची चैन! आक्षेप अगदीच चुकीचा नाही. परंतु या चैनीच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपला सर्वांचा आहे. पुष्कळ माणसांना एकाच अरुंद वाटेने जायचे असेल, आणि वाटेवर शिपाई उभा नसेल, तर ती वाट कोण सांभाळतो? या प्रश्नासाठीच आम्ही हा विषय निवडला आहे.

उंचावरून आपले गाव पाहण्याची ओढ माणसाला फार जुनी आहे. पुण्याचा पाहुणा पर्वती चढतो, मुंबईचा मलबार हिलवर जातो. ही केवळ करमणूक नव्हे. गल्लीत उभे राहिले की घर दिसते. टेकडीवर गेले की गाव दिसते. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताकडे आली. याच गेडिससाहेबांनी एडिंबरोला एका उंच मनोऱ्यात नगरदर्शनाची सोय केली होती. नागरिकाने आपले नगर आधी एकसंध पाहावे आणि मग त्याच्या सुधारणेचा विचार करावा, ही त्यांची शिकवण. पॅरिसच्या नादार नावाच्या छायाचित्रकाराने १८५८ साली फुग्यात बसून वरून छायाचित्र घेतले, तेही याच ओढीने. विमान आले आणि या ओढीला पंख फुटले.

न्यूयॉर्कवरील विमानदर्शनाचा इतिहास दस्तुरखुद्द राइट बंधूंपासून सुरू होतो. १९०९ सालच्या हडसन-फुल्टन उत्सवात विल्बर राइट यांनी २९ सप्टेंबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला प्रदक्षिणा घातली. पुढे ४ ऑक्टोबरला ते गव्हर्नर्स बेटावरून उडाले, हडसन नदीवरून जनरल ग्रँट यांच्या समाधीपर्यंत गेले आणि सुमारे ३३ मिनिटांत परत आले. त्या विमानाच्या पोटाखाली त्यांनी एक लाल रंगाची लहान होडी बांधून घेतली होती. यंत्र बंद पडले तर विमान पाण्यावर तरंगावे हा हेतू. ज्याने उड्डाणाची विद्या जगाला दिली, तो शहरावरून जाताना खाली होडी बांधतो! या होडीत आजच्या व्याख्यानाचे अर्धे सार आहे.

आता आजची परिस्थिती पाहू. न्यूयॉर्कभोवती केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क असे तीन प्रचंड विमानतळ आहेत. शिवाय खासगी विमानांनी गजबजलेले टीटरबरो. या सर्वांवरचे आकाश नियंत्रकांच्या ताब्यात असून ७००० फुटांपर्यंत त्यांच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. परंतु हडसन नदीच्या पात्रावर, पाण्यापासून १३०० फुटांच्या खाली, आकाशाची एक चिंचोळी गल्ली या ताब्यातून मुद्दाम वगळलेली आहे. तिथे लहान विमानाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. जगातल्या अत्यंत गजबजलेल्या आकाशात एवढा तुकडा सामान्य वैमानिकासाठी मोकळा ठेवला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या घातपातानंतर काही काळ लहान विमानांना तेथे मज्जाव झाला होता. पण वाट पुन्हा उघडली.

चला, मनाने आपण त्या विमानात बसू या. विमान सेसना १७२ जातीचे. एक यंत्र, चार आसने, आणि पंख डोक्यावर, म्हणून खालचे दृश्य मोकळे. समुद्राकडून येताना पहिला लागतो व्हेराझानो पूल. त्याचे मनोरे ६९३ फूट उंच. पुढे डाव्या हाताला हिरवट तांब्याची स्वातंत्र्यदेवता, आणि तिच्या शेजारी एलिस बेट, जिथून १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक स्थलांतरितांनी अमेरिकेत प्रवेश केला. मग उजवीकडे मॅनहॅटनचे टोक वर येते. येथे एक मौज होते. नव्या जागतिक व्यापार केंद्राची उंची १७७६ फूट. आपण हजार-अकराशे फुटांवर. म्हणजे विमानात बसूनही इमारत पाहायला मान वर करावी लागते! पुढे एम्पायर स्टेट, नदीकाठी संग्रहालय होऊन बसलेली इंट्रेपिड ही विमानवाहू युद्धनौका, इमारतींच्या फटींतून दिसणारा सेंट्रल पार्कचा ८४३ एकरांचा हिरवा चौकोन, आणि शेवटी जॉर्ज वॉशिंग्टन पूल. ताशी १०० नॉट वेगाने या दोन पुलांमधले अंतर अवघे नऊ मिनिटांचे.

या नऊ मिनिटांत जे कळते ते रस्त्यावर नऊ महिने हिंडून कळत नाही. मॅनहॅटन हे बेट आहे हे आपण पुस्तकात वाचतो. वरून पाहिले की डोळ्यांना पटते. दोन्हीकडे पाणी, मधे चिंचोळी जमीन. मग माणसांना वाढायला आकाशावाचून दुसरी दिशा कोठे? १८११ साली आखलेले ते सरळ रेघांचे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी काही माणसांनी कागदावर मारलेल्या रेघांवर आज लाखो लोक चालत आहेत, हे पाहून नगररचना म्हणजे काय हे उमजते. हे दर्शन मोलाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण, मंडळी, त्या विमानात एक माणूस असा आहे की ज्याने हे दर्शन घ्यायचे नसते. तो म्हणजे स्वतः वैमानिक. युद्धभूमीवर सारथ्याची नजर जशी घोड्यांवर आणि वाटेवर, तशी याची नजर समोरच्या आकाशावर हवी. कारण वाट मोकळी याचा अर्थ ती रिकामी असा नव्हे. पर्यटकांची हेलिकॉप्टरे, इतर लहान विमाने, सारी त्याच पट्ट्यात असतात, आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा नियंत्रक तेथे नाही. प्रत्येकाने दुसऱ्याला पाहायचे आणि टाळायचे, हाच तेथला मूळ कायदा.

हा कायदा ऐकायला सोपा आहे. थोडे गणित करू. दोन विमाने ताशी १४० नॉट वेगाने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यामधले अंतर दर सेकंदाला सुमारे १४४ मीटरने घटते. म्हणजे एक किलोमीटर सात सेकंदांत संपतो. समोरचा ठिपका दिसणे, तो विमान आहे हे ओळखणे, टक्कर होईल हे उमगणे, निर्णय घेणे, हात हलणे आणि विमानाने वळणे, या साऱ्याला साडेबारा सेकंद लागतात असे अमेरिकी विमान-प्रशासन शिकवते. त्यात पंख वर असलेल्या विमानाला वरचे दिसत नाही आणि पंख खाली असलेल्याला खालचे दिसत नाही. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवणे किती तोकडे आहे, हे यावरून ध्यानी येईल.

दोन दुर्घटना आम्ही मुद्दाम सांगतो. ११ ऑक्टोबर २००६ रोजी बेसबॉलपटू कोरी लायडल आणि त्यांचे प्रशिक्षक हे ईस्ट रिव्हरवरून लहान विमानाने जात होते. ती वाट म्हणजे बंद गल्ली. पुढे लाग्वार्डियाचे आकाश लागते, म्हणून परवानगी नसेल तर मागे वळणे भाग. १०० नॉट वेगाने, पंख तीस अंश कलवून घेतलेल्या वळणाचा घेर ९०० मीटरांहून अधिक भरतो. आणि तेथे जागा होती फार तर ६४० मीटर. त्यातून नदीची पूर्ण रुंदी वापरली गेली नाही, आणि पूर्वेचा वारा विमानाला इमारतींकडे रेटत होता. विमान एका निवासी इमारतीवर आदळले, दोघेही गेले. चौकशीत दोष निघाला तो वळणाच्या आखणीचा. आकाश अफाट आहे असे आपण म्हणतो. पण शहरावर आले की आकाशालाही भिंती असतात.

दुसरी दुर्घटना ८ ऑगस्ट २००९ ची, हडसनवरची. शनिवारची दुपार, हवा स्वच्छ. एका खासगी विमानात तिघे आणि पर्यटकांच्या हेलिकॉप्टरमध्ये सहा जण, त्यांतले पाच इटालियन पाहुणे. सुमारे ११०० फुटांवर दोघांची टक्कर झाली आणि नऊही माणसे दगावली. विमानाचे पंख खालच्या बाजूला, आणि हेलिकॉप्टर खालून वर येत होते. चौकशीत पाहून टाळण्याच्या पद्धतीची मर्यादा तर पुढे आलीच; शिवाय टीटरबरोचा नियंत्रक कामाशी संबंध नसलेल्या दूरध्वनी-संभाषणात गुंतला होता हेही निघाले. कोणा एकाच्या माथ्यावर सारा दोष टाकता येऊ नये, अशी ती लहान लहान चुकांची साखळी होती.

आता अशा वेळी सोपा उपाय कोणता? वाट बंद करा! तशी मागणी झालीही. परंतु सरकारने वाट बंद केली नाही. तिला शिस्त लावली. जे पूर्वी पुष्कळसे चालीरीतीवर आणि सल्ल्यावर सोपवलेले होते, ते नोव्हेंबर २००९ पासून सक्तीचे झाले. उत्तरेकडे जाणाऱ्याने पूर्वेचा काठ धरावा, दक्षिणेकडे जाणाऱ्याने पश्चिमेचा. सरळ पार जाणाऱ्यांनी १००० फूट किंवा त्याहून वर पण १३०० च्या खाली राहावे. घिरट्या घालणाऱ्यांनी १००० च्या खाली. वेग १४० नॉटच्या वर नको, दिवे लावलेले हवेत, नकाशा जवळ हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ठरलेल्या खुणेपाशी आले की प्रत्येकाने एका समाईक रेडिओ-लहरीवर आपली वर्दी द्यावी: आम्ही अमुक जातीचे विमान, स्वातंत्र्यदेवतेपाशी, इतक्या उंचीवर, उत्तरेकडे निघालो आहोत. पूल, पुतळा, युद्धनौका, जर्सीकाठचे कोलगेटचे मोठे घड्याळ, या त्या खुणा. ही वर्दी कोणा अधिकाऱ्याला द्यायची नसते. ती त्या वाटेवरच्या अनोळखी सोबत्याला द्यायची असते. घाटात वळणावर गाडीवान हाळी देतो, तोच हा प्रकार.

येथे खालून एक आवाज येईल आणि तो ऐकलाच पाहिजे. हौस वरच्याची आणि जोखीम खालच्याची, हा कोणता न्याय? १९४५ साली २८ जुलैला धुक्यात एक लष्करी बाँबर एम्पायर स्टेट इमारतीवर आदळला आणि १४ माणसे गेली. त्यांतली बहुतेक इमारतीत आपापल्या कामावर होती. १० एप्रिल २०२५ रोजी हडसनवर पर्यटकांचे एक हेलिकॉप्टर हवेतच मोडले. एक स्पॅनिश कुटुंब आणि वैमानिक अशी सहा माणसे दगावली, आणि बंदीची मागणी पुन्हा उठली. नदीकाठच्या रहिवाशांची घरघराटाबद्दलची तक्रार तर जुनीच आहे. जो आकाशात नाही त्याची संमती कोणी घेतली?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर असे: वाट खुली राहावी, पण ती नदीवरच राहावी आणि वर जाणाऱ्याने खालच्याचा विचार आपल्या हौसेच्या आधी करावा. वाट नदीवर असण्याचा अर्थ १५ जानेवारी २००९ ला साऱ्या जगाने पाहिला. पक्ष्यांच्या आघाताने दोन्ही इंजिने निकामी झाली, तेव्हा कप्तान सुलनबर्गर यांनी १५५ जणांचे प्रवासी विमान याच हडसनवर उतरवले आणि सर्वच्या सर्व वाचले. पाणी हे शहराचे मोकळे अंगण आहे. ज्याला हवा वाईट दिसते तो जमिनीवर राहील, ज्याला या गल्लीची धास्ती वाटते तो नियंत्रकाची परवानगी मागून १३०० फुटांच्या वरून जाईल; दोन्हींत कमीपणा नाही. केवळ व्यवसायासाठी दिवसभर फेऱ्या मारणाऱ्यांची संख्या आवरायची की नाही, हे त्या शहराने ठरवावे. पण एखाद्याने वर्षातून एकदा, पूर्ण तयारीने, आपले नगर वरून पाहावे, यावर बंदी घालणे म्हणजे टेकडीवरून कोणी पडला म्हणून टेकडीची वाट बुजवणे होय.

हा आनंद आपल्यालाही परका नाही. मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते एका यंत्राच्या लहान विमानाने एकटे जुहूला उतरले. त्या धाडसाच्या मागेही तयारी होती, हिशेब होता.

तात्पर्य, मंडळी, स्वातंत्र्य कोणी पहारा करीत नाही तेथेच खरे कसोटीला लागते. हडसनवरच्या त्या गल्लीत दर दिवशी कितीतरी अनोळखी माणसे एकमेकांना सांगतात, मी येथे आहे, तुम्ही कोठे आहात? जोवर हे सांगणे आणि ऐकणे चालू आहे तोवर ती वाट खुली राहील. जेव्हा बेपर्वाई वाढेल तेव्हा ती बंद होईल आणि ती योग्यच बंद होईल. आपल्या गावात विमानांची गल्ली नाही. पण रस्ते आहेत, नदीचे घाट आहेत, उत्सवाचे चौक आहेत. तेथेही शिपाई सर्वत्र उभा राहू शकत नाही, आणि तेथेही दुसऱ्याची जाणीव ठेवणे हाच एक खरा पहारा असतो.