फोनचा पत्ता कोण फोडतो?



नाशिकमध्ये या विषयावर बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो: "जीपीएस बंद केलं की आपण कुठे आहोत ते कुणाला कळत नाही ना?" पाठोपाठ दुसरा येतो: "ऑनलाइन छोटा जॅमर मिळतो म्हणे, घेऊ का?"

जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतो. फोन ते ऐकून हिशेब करतो. रेडिओवर बातम्या कोण ऐकतंय हे आकाशवाणीला कळत नाही, तसंच हे. पत्ता फुटतो तो फोन बोलायला लागतो तेव्हा. जीपीएस बंद असलं तरी कॉल द्वारकेच्या टॉवरवरून झाला की सातपूरच्या, याची नोंद कंपनीकडे राहते. आणि ॲपला परवानगी तर आपणच दिलेली असते, न वाचता.

जॅमर यातलं काहीच पुसत नाही. उपग्रहाची लहर जमिनीवर येईपर्यंत इतकी क्षीण होते की खिशातलं यंत्रही ती बुडवू शकतं, पण आपल्याबरोबर इतरांचीही. अमेरिकेत एका ड्रायव्हरने मालकाला गाडी कुठे आहे ते कळू नये म्हणून जॅमर लावला आणि नेवार्क विमानतळाच्या यंत्रणेत अडथळा आला. २०१३ मध्ये त्याच्यावर सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड आला. मोबाइल जॅमर तर शेजाऱ्याने १०८ला केलेला फोनही अडवेल. आपल्याकडे खासगी व्यक्तीने जॅमर वापरणं बेकायदा आहे.

तरी तो हवासा का वाटतो, हे मला समजतं. पाळतीची भीती आपल्या मोहल्ल्यांत नवी नाही. पण तिथे यंत्रापेक्षा कायदा जास्त कामाला येतो. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. ८ जुलै २०२४ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी जामिनाची एक अट रद्द केली. आरोपीने गूगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसू द्यावं, अशी ती अट होती. आरोपी परदेशी, खटला अमली पदार्थांचा. म्हणजे सहानुभूती मिळणं कठीणच. तरीही न्यायालयाने सांगितलं की जामिनावरच्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल, अशी अट घालता येणार नाही.

तुमच्या ओळखीत कुणाच्या जामिनाच्या आदेशात असं कलम असेल, तर वकिलाला या निकालाचं नाव सांगा: फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो.