खुंट आणि कलम



नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात आपलं मनापासून स्वागत. भौतिकशास्त्र, संगणन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा तुमचा विषय. या संमेलनाचं स्वागताध्यक्षपद एका बागायतदाराकडे कसं आलं, ते कार्यवाहांनाच विचारा. घडात साखर भरू लागली की मी दिवसातून दहादा मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहतो, एवढीच माझी पात्रता. मणी तडकले की वर्ष गेलं.

हा अंदाज येतो कुठून, म्हणून थोडं वाचलं. लुइस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. त्या धामधुमीत त्यानं २० मे १९१० या दिवसाचं हवामान हातानं गणित करून काढलं. उत्तर आलं, सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनं वाढेल. प्रत्यक्षात दाब जागचा फारसा हललाच नव्हता! समीकरणं बरोबर होती. सुरुवातीला घेतलेल्या दाबाच्या आणि वाऱ्याच्या आकड्यांचा आपसात मेळ नव्हता. हे सपशेल फसलेलं उत्तर या गृहस्थानं १९२२ मध्ये पुस्तकात जसंच्या तसं छापलं. मला तर गणितापेक्षा हेच मोठं वाटतं.

आता ‘ग्राफकास्ट’सारखं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात देतं. त्याला हवेची समीकरणं कुणी शिकवलेली नाहीत, म्हणून काही जण भौतिकशास्त्राला निवृत्त करायला निघालेत. ते मला पटत नाही. हे मॉडेल शिकलं १९७९ पासूनच्या जगभरच्या हवामानाच्या नोंदींवर, आणि त्या नोंदींतल्या रिकाम्या जागा भरल्या भौतिकशास्त्राच्याच मॉडेलनं. आम्ही थॉमसन द्राक्षाचं कलम डॉगरिजच्या खुंटावर करतो. घड कलमाला लागतात, म्हणून खुंट कुणी उपटत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. कौतुकच आहे. पण तेवढ्या चौकटीत माझी बागही बसते आणि आमच्या व्याह्यांचीही; पाऊस मात्र एकाच बागेत पडतो.

तेव्हा एक विनंती. यंत्रानं कधी पाहिलीच नाही अशी गारपीट यायची असेल, तर त्याला ‘मला सांगता येत नाही’ असं म्हणता येतं का, हे या दोन दिवसांत कुणीतरी आम्हाला मराठीत समजावून सांगा. चहा मंडपाच्या मागे आहे. टोपल्यांतली द्राक्षं घरच्या बागेतली आहेत, संकोच करू नका.