येन म्हणजे वाटोळा

मागे एका शिक्षक-शिबिरात देशोदेशींच्या नाण्यांचा तक्ता भिंतीवर टांगला होता. अमेरिकेचा डॉलर, इंग्लंडचा पौंड, जपानचा येन. एका गुरुजींनी मला विचारलं, "मुलं तक्ता पाठ करतात हो, पण येन म्हणजे काय, असं एखाद्यानं विचारलं तर सांगायचं काय?" मी कशीबशी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न माझी पाठ सोडीना. त्याचं उत्तर आज देतो आहे.

येन म्हणजे वाटोळा. बस्स, मूळ अर्थ एवढाच. आपला रुपया संस्कृत 'रूप्य' शब्दावरून आला. त्यात चांदी आहे, छाप आहे. येनमध्ये नुसता आकार आहे. (आपल्याकडे पैशाच्या गोष्टीत 'वाटोळं' शब्द निघाला की काळजात धस्स होतं, ते निराळं!)

कुणी म्हणेल, नाणं वाटोळंच असायचं, त्यात नवल कसलं? नवल आहे बरं का. त्याआधी जपानात 'ऱ्यो' नावाचं सोन्याचं नाणं चाले, ते लांबट, अंड्याच्या आकाराचं. त्याचा चौथा हिस्सा 'बू' आणि सोळावा 'शू'. म्हणजे थेट आपली पावली आणि आणाच की! ही बू-शूची नाणी वडीसारखी चौकोनी. तांब्याचं 'मोन' तेवढं गोल, पण मधोमध चौकोनी भोक; दोरीत ओवून त्याच्या माळा करीत.

पूर्वेकडच्या बंदरांत त्या काळी स्पेन आणि मेक्सिकोचे चांदीचे डॉलर खेळत. चिनी लोक त्यांना 'चांदीचे वाटोळे' म्हणू लागले. त्या 'वाटोळ्या'च्या एकाच अक्षरातून चीनचा युआन, कोरियाचा वोन आणि जपानचा येन निघाले. तिघे सख्खे भाऊ.

पण जपाननं जुनं नाणं टाकलं ते हौसेनं नव्हे. 1859 साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुलं झालं. जपानात एक भार सोन्याला सुमारे पाच भार चांदी पडे, बाहेर पंधरा. मग काय! व्यापाऱ्यांनी चांदीचे डॉलर आणावेत, वजनास वजन जपानी चांदीची नाणी घ्यावीत, ती देऊन सोनं उचलावं आणि बाहेर विकून दुप्पट-तिप्पट करावं. सरकारनं घाबरून 1860 साली ऱ्योतलं सोनं जवळजवळ एक-तृतीयांशावर आणलं. सोन्याची गळती थांबली, पण महागाई भडकली. आणि महागाईचा मार पडतो तो हातावर पोट असणाऱ्यावर. तिथंही तसंच झालं. सत्तापालटानंतर, 1871 साली, नव्या सरकारनं कायदा करून येन आणला. एका येनमध्ये दीड ग्रॅम सोनं, अमेरिकन डॉलरच्या तोडीचं. येनचे 100 सेन, सेनचे 10 रिन. आपला दशमान पैसा आला तो 1957 साली.

आता एक गंमत. जपानी माणूस 'येन' म्हणतच नाही. तो म्हणतो 'एन'. मग हा 'य' कुठला? जुन्या जपानीत 'ए'चा उच्चार 'ये'कडे झुके. सोळाव्या-सतराव्या शतकांत आलेल्या पोर्तुगीज पाद्र्यांनी ऐकलं तसं लिहून ठेवलं. पुढं जपान्यांचा उच्चार बदलला, परकी लेखणी मात्र जुनंच गिरवीत राहिली. यात आपण हसण्यासारखं काही नाही. आपल्या खेड्यात 'एक' कोण म्हणतो? 'येक'च म्हणतात!

दुसऱ्या महायुद्धानं येनची पार रया गेली. 1949 साली डॉलरला 360 येन असा दर ठरला. सेन आणि रिन 1953 अखेर व्यवहारातून उठले. आपल्याकडच्या दमडी-छदामासारखे ते आता बोलण्यापुरते उरले आहेत. जपानीत पैशाला 'ओआशी', म्हणजे पाय, असंही म्हणतात. पैशाला पाय फुटतात हे त्यांनाही ठाऊक दिसतं.

पाच येनचं नाणं मात्र तिथं अजून चालतं. पितळी, वर भाताची लोंबी आणि मधोमध भोक. 1943 सालच्या आपल्या भोकाच्या पैशाची आठवण यावी. त्यावर 5 हा आकडा नाही, किंमत जपानी अक्षरांतच आहे. पाच येनला ते म्हणतात 'गो-एन', आणि याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे ऋणानुबंध. म्हणून देवळातल्या पेटीत लोक आवर्जून तेच नाणं टाकतात. माझ्या एका विद्यार्थ्यानं परवा तिकडून येताना असं एक आणून दिलं. ते जपून ठेवलं आहे. शिबिरातल्या त्या गुरुजींचं गाव कोणतं, तेवढं आठवायचं आहे.