जयघोषाचा खेळ

चिअरलीडर हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर प्रथम पडला तो २००८ साली, इंडियन प्रीमियर लीगच्या क्रिकेट सामन्यांबरोबर. षटकार गेला की सीमारेषेपाशी नाचणाऱ्या त्या पगारी नर्तिका पाहून ज्यांचे मत बनले असेल, त्यांनी ते घटकाभर बाजूस ठेवावे, अशी माझी विनंती आहे. मला बोलावयाचे आहे ते अमेरिकेतील हायस्कुलांत शिकणाऱ्या मुलींविषयी. त्या जे करतात त्याला खेळ म्हणावयाचे की नाही, हा वाद तेथे न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

प्रथम त्या काय करतात ते पाहू. स्पर्धेतील प्रयोग जेमतेम अडीच मिनिटांचा. तेवढ्या अवधीत कोलांट्या, उड्या, मानवी मनोरे आणि घोष हे सारे एका ठेक्यात बसवावयाचे. मनोऱ्यातली कामे वाटून दिलेली असतात : खाली भार पेलणाऱ्या त्या ‘बेस’, वर चढणारी ती ‘फ्लायर’ आणि तिच्या मानेवर व खांद्यांवर नजर ठेवून मागे उभी राहणारी ती ‘स्पॉटर’. ‘बास्केट टॉस’ नावाच्या प्रकारात दोघी जणी एकमेकींची मनगटे धरून चौकट करतात व तिच्यावरून तिसरीला हवेत उंच उडवितात. वर गिरकी घेऊन ती पुन्हा त्याच हातांत उतरते. हे हात क्षणभर उशिरा आले तर काय होते, हे गोविंदांचे थर कोसळताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको.

असे असता शंका का यावी? शंकेचे मूळ ह्या प्रकाराच्या जन्मात आहे. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल ह्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभे राहून त्यांच्याकडून जयघोष करविला, तेथून ही परंपरा धरतात. आरंभी हे काम पुरुषांचे. दुसऱ्या महायुद्धात तरुण आघाडीवर गेले तेव्हा ते बहुतांशी मुलींकडे आले. म्हणजे दुसऱ्याच्या विजयासाठी ओरडणे हाच मूळ धर्म, स्वतःची स्पर्धा मागाहून आली. आजही पुष्कळ शाळांत एकच पथक दोन्ही कामे करते. गुण परीक्षकांच्या नजरेने ठरतात, हा आक्षेप मात्र मला पोकळ वाटतो. तो मानला तर जिम्नॅस्टिक्स, सूर मारण्याच्या शर्यती आणि आपला मल्लखांब हेही बाद करावे लागतील.

न्यायालयांनी काय म्हटले ते पाहण्यासारखे आहे. विस्कॉन्सिन राज्यात एक शाळकरी मुलगी सामन्यापूर्वीच्या सरावात मनोऱ्यावरून पडली व तिच्या डोक्यास मार लागला. खाली चटया नव्हत्या. तिने सहकाऱ्यावर दावा लावला. २००९ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, चिअरलीडिंग हा शारीरिक संपर्काचा खेळ आहे. सबब केवळ निष्काळजीपणाबद्दल सहभागी खेळाडूस जबाबदार धरता येत नाही. त्याच वर्षी कनेटिकटमधील क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याच्या जागी स्पर्धात्मक चिअरलीडिंग धरावयाचे योजिले. मुलींना क्रीडेत समान संधी देणारा १९७२ चा कायदा त्यामुळे पाळला जाईल, असा त्यांचा हिशेब. व्हॉलीबॉलच्या मुली न्यायालयात गेल्या. २०१० साली न्यायमूर्ती अंडरहिल यांनी निकाल दिला की, हा प्रकार त्या कायद्याच्या दृष्टीने अद्याप खेळ नव्हे. नियम एकसारखे नाहीत, मोसमाची घडी बसलेली नाही. २०१२ साली अपिलातही तेच कायम झाले. पुढे कधी तो खेळ ठरू शकेल, हे त्यांनी नाकारले नाही.

दोन्ही निकाल आपापल्या कायद्यापुरते तर्कशुद्ध आहेत, आणि क्विनिपिअ‍ॅकविरुद्धचा निकाल मला योग्यही वाटतो. एका मुलीचे मैदान काढून दुसरीला देणे ही समता नव्हे. परंतु हे दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे मन अस्वस्थ होते. दुखापतीची जोखीम सोसावयाची वेळ आली तेव्हा हा खेळ ठरला, हक्क मोजावयाची वेळ आली तेव्हा ठरला नाही.

म्हणूनच मला अधिक पटते ते डॉक्टरांचे म्हणणे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ह्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली चिअरलीडिंगला खेळ माना अशी शिफारस केली, ती मानासाठी नव्हे. इतर खेळांच्या मानाने ह्यात एकूण दुखापती कमी होतात. पण हायस्कुलातील मुलींना झालेल्या अतिगंभीर दुखापतींत त्यापूर्वीच्या पंचवीसएक वर्षांत सुमारे दोन-तृतीयांश वाटा ह्या एकाच प्रकाराचा होता. खेळ म्हटले की प्रशिक्षित शिक्षक, वैद्यकीय मदत आणि सरावाच्या तासांची मर्यादा मागता येते. आपल्याकडेही २०२२ साली महाराष्ट्र शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, तेव्हा गोविंदांच्या विम्याची गोष्ट त्याच्याबरोबरच निघाली.

मिशिगन राज्याने १९९४ पासूनच मुलींच्या स्पर्धात्मक चिअरच्या राज्यस्तरीय अंतिम फेऱ्या घेतल्या. कॅलिफोर्नियाने २०१५ साली त्यासाठी कायदा केला. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली. तेव्हा ज्या पथकाचे मुख्य काम स्पर्धा करणे आहे, ते खेळच खेळते, असे मी म्हणेन. केवळ घोष करणाऱ्या पथकास तसे म्हणता येणार नाही. पण मनोरा तेही रचते, आणि त्याच्या माथ्यावरची मुलगी तितक्याच उंचीवर असते. तिच्यासाठी चटई अंथरावयास कोणत्याही दर्जाची वाट पाहावी लागत नाही.