रायपूरची प्रयोगशाळा आणि संशोधनपर पदव्युत्तर शिक्षणाचे अर्थकारण
(व्याख्यानाचा मजकूर)

छत्तीसगडमध्ये सिकलसेल विकाराच्या शोधासाठी एक मोठी रक्ततपासणी झाली. रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध केले. तपासलेल्या 3,59,823 जणांमध्ये, म्हणजे प्रामुख्याने मुलांमध्ये, 33,467 वाहक आढळले आणि 747 प्रत्यक्ष रुग्ण. वाहकांचे प्रमाण 9.30 टक्के, तर रुग्णांचे 0.21 टक्के. शासकीय अहवालात अशा आकड्यांचा प्रवास बहुधा येथेच संपतो. जैववैद्यकीय विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे काम मात्र येथून सुरू होते.

वाहकाकडे एक सदोष जनुक असते, रुग्णाकडे दोन. या हिशेबाने एकूण जनुकांत सदोष जनुकांचा वाटा सुमारे 4.86 टक्के येतो. त्याचा वर्ग केला की रुग्णांचे अपेक्षित प्रमाण 0.236 टक्के, म्हणजे सुमारे 850 रुग्ण. आढळले 747. शिवाय हे गणित विवाह सरमिसळीने होतात असे गृहीत धरते. प्रत्यक्षात ते जातीअंतर्गत होत असल्यामुळे अपेक्षित संख्या त्याहूनही अधिक असावयास हवी. मग उरलेले किमान शंभर जण कोठे गेले? ती मुले तपासणीपूर्वीच दगावली असतील, तपासणीच्या दिवशी अंथरुणाला खिळलेली असतील, अथवा चाचणीच्या वर्गीकरणातच काही निसटले असेल. यांपैकी प्रत्येक शक्यता हा एकेका प्रबंधिकेचा विषय आहे. दोन वर्षांत, मर्यादित साधनांनिशी पूर्ण होण्याजोगा.

या विकाराचे विज्ञान जगात पुष्कळ पुढे गेले आहे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये तो रेणूचा विकार असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकाच अमिनो आम्लाच्या बदलात त्याचे मूळ शोधले. भारतात 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हे जनुक आढळले आणि 1958 मध्ये नागपूरहून मध्य भारतासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मध्य भारतातील रुग्णांमध्ये आढळणारा जनुकांचा अरब-भारतीय संच आफ्रिकेतील संचांहून वेगळा आहे. येथील अनेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहते आणि त्यामुळे आजाराची तीव्रता बदलते. म्हणून जमैका किंवा अमेरिकेतील निष्कर्ष रायपूरच्या बाह्यरुग्ण विभागात जसेच्या तसे लावता येत नाहीत. स्थानिक संशोधनाची गरज भावनिक नसून जैविक आहे, ती अशी.

1956 पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय 1963 मध्ये आणि पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ 1964 मध्ये स्थापन झाले. 2000 मध्ये राज्यनिर्मिती झाली आणि 2012 मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वैद्यकीय पदवीचे वर्ग सुरू झाले. रुग्णालय, मानववंशशास्त्र विभाग आणि जीवरसायनाची प्रयोगशाळा एकाच शहरात असणे ही मोठी भांडवली गुंतवणूक आहे. तिचा परतावा मात्र विद्यार्थ्याच्या दुसऱ्या वर्षावर अवलंबून असतो, ही गोष्ट अर्थसंकल्पाच्या चर्चेत सहसा येत नाही.

ते दुसरे वर्ष कसे जाते? आराखड्याला नीतिसमितीची मान्यता मिळविण्यात काही महिने जातात. मग रसायने आणि संच मागवावयाचे. निविदेची प्रक्रिया कासवगतीने चालते आणि काही संच शीतपेटीतच यावे लागतात. दरम्यान दुर्गम गटातून आणलेल्या नमुन्यांचे तापमान वीजपुरवठ्यावर ठरते. रक्त देणाऱ्या कुटुंबाला संमतिपत्र त्याच्या भाषेत, छत्तीसगढी किंवा गोंडीत, समजावून सांगावे लागते. त्यास घाई चालत नाही आणि चालू नये. एवढे सारे झाल्यावर विश्लेषणाला चार महिने उरले तर विद्यार्थी भाग्यवान म्हणावयाचा.

खर्चाची बाजू याहून कठीण आहे. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली. पदव्युत्तर स्तरावर मात्र बहुतेकांना काहीच मिळत नाही. शेतकरी कुटुंबातील मुलीसाठी या दोन वर्षांची खरी किंमत शुल्कात नसते. खासगी निदान प्रयोगशाळेतील ज्या नोकरीवर तिने पाणी सोडले, त्या नोकरीच्या वेतनात असते. संशोधनाचा लाभ साऱ्या समाजाला आणि खर्च एका घराला, अशी ही वाटणी आहे. बाजार ती दुरुस्त करणार नाही.

पदवीचे स्वरूपही बदलत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. 2020 च्या शिक्षण धोरणाने तीन वर्षांच्या पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसरे वर्ष पूर्णपणे संशोधनाला देण्याची मुभा दिली आहे. चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्यास थेट पीएच.डी.चा मार्गही खुला झाला. महानगरांतील विद्यार्थ्याला ही सोय आहे. पण ज्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकासमोर विद्यार्थ्यांची रांग लागते, तेथून आलेल्याला संशोधनाची रीत अंगवळणी पडण्यास मधली पायरी लागतेच. ती काढून टाकणे म्हणजे जिना वाचविण्यासाठी मजला गमावणे होय.

पदवीनंतर काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील शरीररचना व शरीरक्रिया या विषयांत बिगर-वैद्यकीय अध्यापकांना असलेली 30 टक्क्यांची आणि जीवरसायनातील 50 टक्क्यांची मर्यादा 2020 च्या निकषांनी 15 टक्क्यांवर आणली होती. सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र विभागांत एम.एस्सी., पीएच.डी. धारकांना जुलै 2025 च्या नियमांनी पुन्हा प्रवेश मिळाला. नियमांचे असे हेलकावे एका पिढीचे करिअर ठरवितात. दोन वर्षे गुंतविणाऱ्यास निदान दहा वर्षांचे धोरण दिसले पाहिजे.

जुलै 2023 मध्ये शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. या तपासणीतून निघणाऱ्या माहितीचा अन्वयार्थ लावण्यास मनुष्यबळ लागेल. मोहिमेच्या खर्चातील अल्पसा भाग पदव्युत्तर संशोधकांच्या विद्यावेतनासाठी राखला आणि त्यांच्या प्रबंधिका जिल्हा रुग्णालयांतील नोंदींशी जोडल्या, तर नवी इमारत न बांधताही पुष्कळ साध्य होईल. गडचिरोलीची पूर्व सीमा छत्तीसगडला भिडलेली आहे आणि दोन्ही बाजूंच्या गोंड कुटुंबांत सोयरीक होते. रायपूर आणि नागपूरच्या विद्यार्थ्यांनी एकाच नमुना-अर्जावर नोंदी घेण्यास सुरुवात करावी. त्यासाठी लागेल तो दोन विद्यापीठांमधील एक करार आणि एका शीतपेटीचा प्रवासखर्च.